हळू या

दोन लग्नांच्या मधला आठवडा मोकळा होता,
म्हणून घेतलं काम:
साडेतीन मिनिटांची फिल्म, सोनारतळं पाणथळ राखीव,
पाणी, पक्षी, वर बासरी,
शेवटी पाटी: ‘एकदा अवश्य या.’

फुलेवाडीच्या पुढं, उसाच्या दोन पट्ट्यांत
कुणी ओला टॉवेल टाकून विसरावा तसं ते तळं.
पहाटे पाचला आधी मळीचा वास भेटतो,
मग चिखल,
मग वनरक्षक भोपळेबाई, बॅटरी पायाशी धरून:
“पाण्यावर उजेड नको मारू. झोपल्यात अजून.”

मी राजारामपुरीतला,
नवरीला ‘मान जरा वर’ म्हणणारा माणूस.
हळदीकुंकू बदकाला काय म्हणणार?
चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू,
सगळा मेकअप करून आलेली
आणि कॅमेऱ्याकडं पाठ.

साहेबांची यादी होती. पहिल्या नंबरवर रोहित, थव्यानं, गुलाबी.
बाई म्हणाल्या, रोहित इथं उतरत नाही.
इथं शेकाट्या, वंचक, तुतारी, धोबी.
मी फोनवर तेच सांगितलं.
“धोबी? फिल्ममध्ये धोबी कशाला?”
पक्षी आहे साहेब, म्हटलं,
शेपटी आपटत चालतो, धुणं धुतल्यासारखी.
पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.

शिरपा भोई काठावर जाळं शिवत बसलेला.
“माजी म्हस रुतली व्हती हितं, दोन दिस,
तवा न्हाई आलं कोण फिल्लम काढाय.”
तेही घेतलं मी. पुढं कापलं गेलं,
खोकला होता मध्ये म्हणून.

तिसऱ्या दिवशी ड्रोन.
बाई नको म्हणाल्या, साहेबांचा कागद हो म्हणाला.
वर गेला मात्र, आणि अख्खं तळं उठलं,
पाणीच उभं राहिल्यागत,
पंखांचा आवाज, बासरीला खाऊन टाकणारा,
ऊन बरोबर मागून.
असा शॉट आयुष्यात एकदा मिळतो.
आणि मला माहीत होतं, हे उडणं नाही, पळणं आहे.
लग्नातही पाठवणीचं रडणं
मी असंच जवळ जाऊन टिपतो,
अल्बमचं कव्हर तेच होतं.

संध्याकाळी बाईंना विचारलं,
पाटीवर काय लिहू?
“येऊ नका, असं लिहिता येतंय?”
नाही.
“पन्नास गाड्या आल्या तर ह्यांनी बसायचं कुठं?”
टाचेचा चिखल काडीनं काढत राहिल्या.
“मग हळू या, असं लिही.”
लिहिलं. पांढरी अक्षरं, लव्हाळ्यावर.
साहेब म्हणाले, पुढं स्पीडब्रेकर आहे असं वाटतंय हो,
‘हळू’ काढा.
काढलं.

हॉलमध्ये दाखवली फिल्म. सत्कार, नारळ, गुलाबाचं फूल.
ड्रोनच्या शॉटला टाळ्या.
बाई युनिफॉर्ममध्ये शेवटच्या रांगेत,
दोन्ही हात मांडीवर.
बाहेर चहाला म्हणाल्या,
“परत बसायला पावणेदोन तास लागले त्यांना.
मी घड्याळ लावलं होतं.”
चांगली झालीय पण, असंही म्हणाल्या,
आणि कप नेऊन टेबलावर ठेवला.

एक क्लिप राहिलीय माझ्याकडं, कुणी न मागितलेली.
टिबुकली बुडी मारते.
मग नुसतं पाणी.
गोल गोल वलयं, मग तीही नाहीत,
पलीकडून ट्रॅक्टर, शिरप्याचा खोकला,
तेवीस सेकंद.
साहेब म्हणाले होते, इथं काहीच नाहीये, कापा.

परवा रात्री भोपळेबाईंना पाठवली.
उत्तर आलं: वर आली का?

आली.
फ्रेमच्या बाहेर, डाव्या हाताला कुठंतरी.
नुसती ऐकू येते.